भाची शिग्गावला निघाली



मागच्या वेळी सदराच्या शेवटी मी कबूल केलं होतं की घरातले जुने फोटो फोनवर नीट कसे साठवायचे ते या वेळी सांगेन. ते जरा राहू दे. गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता आणि तो मिटल्याशिवाय मला दुसरं काही लिहवेना.

विषय असा, की माझ्या भाचीला जनावरांच्या दवाखान्यात काम करायचं आहे. डॉक्टर म्हणून नव्हे, डॉक्टरच्या हाताखाली.

अक्का खानापूर तालुक्यात दिलेली. दाजींची शेती, दावणीला चार म्हशी आणि दोन गाई. भाची दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली आणि पीयूसी सायन्सला आमच्याकडे उणकलला आली. दोन वर्षं इथं राहिली, त्यामुळे माझं आणि तिचं चांगलं जमतं. तिला पहिल्यापासून पशुवैद्यकच व्हायचं होतं. इथून गदगला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या जागेवर तिचा डोळा. पहिल्या वर्षी रँक पोचली नाही. एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास केला, दुसऱ्या वर्षीही थोडक्यात हुकलं. मग एक दिवस तिनं कुठून तरी कागद आणून अक्कापुढे ठेवला. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा पशुसंवर्धनाचा डिप्लोमा, दोन वर्षांचा, शिग्गावच्या पॉलिटेक्निकमध्ये. दहावीवर प्रवेश.

"दहावीवर" हा शब्द ऐकल्यावर घरात जे झालं ते मी इथून फोनवर ऐकत होतो. दाजी म्हणाले, "मग दोन वर्सं पीयूसी करून काय केलीस?" अक्काच्या सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. स्थळाला काय सांगायचं? मुलगी काय करते, तर म्हशीच्या मागं उभी राहते? डॉक्टर झाली असती तर तेच काम करताना कुणाला काही वाटलं नसतं, हे माझ्या लक्षात आलं, पण त्या वेळी मीही गप्पच बसलो.

दुसऱ्या दिवशी अक्काचा मला वेगळा फोन. "तू समजाव तिला. पोरगी हुशार हाय खरं कुणाचं ऐकत न्हाई. तुझं ऐकेल. कॉम्प्युटरला घालूया म्हण. मामासारखी हो म्हण."

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती लिहायची की नाही यावर मी आठवडाभर विचार केला. मार्चमध्ये आमच्या कंपनीनं आमच्या टीममधल्या नऊ जणांना काढलं. त्यात मी होतो. बीई होऊन बारा वर्षं झाली, घरी लॅपटॉप घेऊन बसणारा मी, रोज सकाळी साडेनऊला त्याच खोलीत जाऊन दार लावत होतो आणि आत बसून अर्ज भरत होतो. बायकोला माहीत होतं. आईला नव्हतं, अक्काला नव्हतं. जूनपासून एक कंत्राटी काम मिळालं आहे, बरं चाललं आहे, काळजी करू नका. पण अक्का "मामासारखी हो म्हण" म्हणाली तेव्हा मी नेमका त्या बंद दाराआड बसलेला होतो.

तरी मी "हो" म्हणालो. समजावतो म्हणालो. मोठ्या बहिणीला नाही कसं म्हणायचं?

भाची पुढच्या शनिवारी आली. संध्याकाळी आम्ही उणकलच्या तळ्यावर फिरायला गेलो. तिथं बोलायला बरं पडतं, समोर पाणी असलं की माणसाला एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मी तयारी करून गेलो होतो. बीसीए करता येईल, डेटा सायन्स आहे, पगार असा असतो वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला गेल्या श्रावणातली गोष्ट सांगितली. ती गोष्ट मला तुटक माहीत होती, अक्काच्या तोंडून. म्हैस अडली होती, रेडकू गेलं, म्हैस वाचली. एवढीच.

तिनं सांगितली ती अशी. रात्री आठपासून म्हैस कळा देत होती, उठत होती, बसत होती, पण पुढं काही सरकत नव्हतं. पाणमोटही दिसत नव्हती. दहापर्यंत गल्लीतली पाचसहा माणसं गोठ्यात जमली. एक म्हणाला हात घालून ओढूया. दुसरा म्हणाला कळांचं इंजेक्शन मारा, मोकळी होईल. भाचीनं १९६२ ला फोन लावला. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो टोल-फ्री नंबर, तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे जनावरं आहेत त्यांनी फोनमध्ये ठेवावा. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती. तेवढ्यात दाजींनी जवळच्या दवाखान्यातल्या इन्स्पेक्टरना फोन केला, ते मोटरसायकलवरून आले. व्हेटर्नरी इन्स्पेक्टर, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना पशुधन पर्यवेक्षक म्हणतात ते. डिप्लोमावाले. गावात सगळे त्यांना "दनद डॉक्टर"च म्हणतात, ते दर वेळी "नान डॉक्टर अल्ल री" म्हणतात आणि कुणी ऐकत नाही.

त्यांनी खांद्यापर्यंतचा मोजा घालून हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. पिशवीला पीळ बसला होता. गर्भाशय स्वतःभोवती फिरलेलं, वाटच मुरगळलेली. म्हशींमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. अशा वेळी ओढलं तर पिशवी फाटते. कळांचं इंजेक्शन दिलं तर आतून जोर येतो, वाट तर बंद, म्हणजे पुन्हा तेच. त्यांनी डॉक्टरना फोन केला, गाडी वळवली गेली, आणि मग सुरू झालं थांबणं. दीड तास.

"मामा, त्या दीड तासात सगळी माणसं त्यांच्या अंगावर गेली," भाची सांगत होती. "तुम्हाला येत नसेल तर आम्ही करतो म्हणाले. एकानं शिवी दिली. ते म्हशीच्या मागं तसेच उभे राहिले. कुणाला हात लावू दिला नाही. मला म्हणाले, तू डोकं धर, बोलत राहा तिच्याशी, आणि एक लांब फळी बघून ठेवा कुणीतरी."

डॉक्टर आले. म्हैस पिळाच्या बाजूच्या कुशीवर पाडली, पुढचे पाय एकत्र बांधले, मागचे एकत्र बांधले. फळी तिच्या पोटावर तिरकी टेकवली, खालचं टोक जमिनीला. इन्स्पेक्टर त्या फळीवर चढून उभे राहिले आणि बाकीच्यांनी दोर धरून म्हैस पिळाच्याच दिशेनं उलथवली. मला वाटलं होतं उलट दिशेनं फिरवत असतील. तसं नाही. फळीनं पोटातली पिशवी जागच्या जागी दाबून धरायची आणि म्हशीचं अंग तिच्यामागून फिरवून आणायचं. दोनदा केल्यावर पीळ सुटला. रेडकू मेलेलं निघालं. म्हैस तिसऱ्या दिवशी चाऱ्याला लागली.

मी विचारलं, मग त्यांना सगळं माहीत होतं ना? फळीसुद्धा आधीच सांगितली. मग दीड तास थांबले कशाला? रेडकू वाचलं असतं.

"तेच मी विचारलं त्यांना," ती म्हणाली.

याचं उत्तर कायद्यात आहे, आणि घरी आल्यावर मी तो काढून वाचला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ चा. त्याच्या ३० व्या कलमानुसार जनावरांवर उपचार करायचा हक्क नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाला, म्हणजे साडेपाच वर्षांची पदवी घेतलेल्याला आहे. डिप्लोमावाल्यांसाठी तिथंच एक खिडकी ठेवली आहे. राज्य सरकारनं परवानगी दिली तर त्यांनी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्याव्यात. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्य ठरवेल तो असाच प्राथमिक उपचार. पीळ सोडवणं त्यात बसत नाही.

ही रेषा कागदावर सरळ दिसते. गोठ्यात रात्री अकरा वाजता ती कशी दिसत असेल? डॉक्टर वीस किलोमीटर लांब, जनावर समोर, आणि हातांना सगळं माहीत. मी भाचीला विचारलं की आयुष्यभर असं थांबणं तुला जमेल का. माहीत असून. लोकांच्या शिव्या खात.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, ते आले नसते तर म्हस पण मेली असती. लोकांनी ओढलीच असती."

माझी बीसीएची तयारी तिथंच तळ्यात बुडाली.

पण नुसत्या एका रात्रीच्या गोष्टीवर दोन वर्षं घालू नयेत, असं माझं इंजिनिअरचं डोकं सांगत होतं. म्हणून मी ओळखीनं शहराबाहेरच्या एका सरकारी पशुचिकित्सालयात विचारलं आणि एका सकाळी आम्ही दोघं तिथं जाऊन बसलो. सकाळी नऊ ते एक. तुमच्या मुलांपैकी कुणाला या वाटेनं जायचं असेल तर आधी हेच करा. माहितीपत्रकातून शेणाचा वास येत नाही.

तिथं मी जे बघितलं त्यातलं बरंच काम वाट बघण्याचं, धरण्याचं आणि लिहिण्याचं होतं. गाय शिकंजात उभी करायची. ताप बघायचा. लस शीतपेटीतून काढून पुन्हा झाकण लावायचं, दर वेळी. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर फोनमध्ये टाकायचा. जनावराचं आधारच ते. एक आकडा चुकला तर एका गाईची लस दुसरीच्या नावावर. हे बघून मला फार आपलेपणा वाटला.

एक गाय भरवायला आणली होती. कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतात, उणे १९६ अंश सेल्सिअसला. कांडी चिमट्यानं काढली, ३७ अंशांच्या पाण्यात तीसेक सेकंद धरली, पुसली, नळीत बसवली. पाव मिलिलीटरची ती कांडी. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम तिथल्या इन्स्पेक्टरनी भाचीला सांगितला. चुकलं तर एकवीस दिवस थांबा. शेतकऱ्यासाठी ते एकवीस दिवसांचं दूध आहे.

मग एक गवळी आजी आल्या, त्यांच्या म्हशीच्या सडाला चीर पडली होती. म्हैस अस्सल धारवाडी, शिंगं अर्धचंद्रासारखी मागं वळलेली. आपण ज्या पेढ्याचे डबे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना देतो त्याच्या मागं हीच म्हैस, आणि तिला देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली २०२१ मध्ये. आजींनी इन्स्पेक्टरशी कानडीत बोलून झाल्यावर म्हशीला मराठीत दम दिला, "गप उभी राहा गे!" आणि भाची हसली. आपल्याकडच्या गवळ्यांची घरची बोली मराठी आहे हे मला माहीत होतं, तरी ऐकून बरं वाटलं.

कानडी हा मात्र तिचा खरा प्रश्न आहे. बोलते ती, उणकलला दोन वर्षांत शिकली. लिहिताना अडते. शेतकरी "तिन्नवल्तु" म्हणाला तर खात नाही हे कळतं, पण कधीपासून, काय खाल्लं होतं, शेण कसं होतं, हे सगळं खेड्यातल्या कानडीत विचारायचं आणि नोंदवहीत लिहायचं. आईनं तिच्यासाठी माझ्या जुन्या कानडी शाळेच्या वह्या माळ्यावरून काढल्या आहेत. त्यात माझे शेरे बघून पोरगी दोन दिवस हसत होती.

इन्स्पेक्टरनी वाईट बाजूही सांगितली, न विचारता. सरकारी भरती कधी निघेल त्याचा नेम नसतो. तोवर दूध संघ, खासगी डेअरी, औषध कंपन्या, कुक्कुटपालन. बाएफसारख्या संस्था, ज्यांनी उरुळी कांचनहून सुरुवात करून गोठ्यात जाऊन रेतन करायची पद्धत रुजवली, त्या आपल्या भागातही आहेत. लाथा बसतात. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात, ती जिवंत जंतूंची असते आणि सुई स्वतःच्या बोटात गेली तर माणसालाच ताप. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोह. गाव डॉक्टर म्हणत असतं, पैसे देत असतं, आणि तुम्ही हळूहळू स्वतःला डॉक्टर समजायला लागता. "अल्ले केडतद," ते म्हणाले. तिथंच बिघडतं.

एक सांगून ठेवतो, कारण मंडळातल्या एका काकूंनी मला फोन करून त्यांच्या नातवाबद्दल विचारलं. त्याला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करायचं आहे. अमेरिकेत हा वेगळा पेशाच आहे, व्हेटर्नरी टेक्निशियन. दोन वर्षांचा मान्यताप्राप्त कोर्स, मग तीन तासांची १७० प्रश्नांची परीक्षा, मग राज्याची नोंदणी. भूल देताना लक्ष ठेवणं, रक्त काढणं, एक्स-रे, दात साफ करणं, हे सगळं ते करतात. आपल्याकडचा डिप्लोमा म्हणजे ते नव्हे. आपला डिप्लोमा गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचा आहे, आणि शहरातल्या पेट क्लिनिकमध्ये मदतनीस बहुतेक काम करता करताच शिकतो. नव्वद दिवसांचं "मैत्री" नावाचं रेतनाचं प्रशिक्षण असतं, तेही वेगळं. तिन्ही एकच समजून फी भरू नका.

अक्काला मी काय सांगायचं हे मात्र ठरत नव्हतं. मी तिला आधी आकडे सांगून बघितले. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५३ कोटींच्या वर पशुधन, त्यात म्हशीच जवळजवळ ११ कोटी. अक्का म्हणाली, "ते मला काय सांगतोस, माझ्या चार हायेत त्या मोज." मग मी तिला माणदेशातल्या बायकांबद्दल सांगितलं. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं गावच्या बायकांना शेळ्यांच्या रेतनाचं शिक्षण दिलं, फलटणच्या निंबकर संस्थेच्या मदतीनं, आणि त्यांना आता गावात शेळी डॉक्टर म्हणतात. कमी शिकलेल्या, घरचं सगळं करून पेटी घेऊन वाडीवाडीला जाणाऱ्या बायका. यावर अक्का जरा थांबली. "बायका?" म्हणाली. "रेतन?" मग हसली. "आणि घरची काही म्हणत न्हाईत?"

सुरुवातीला म्हणाले असतील, मी म्हटलं.

आणि मग मी तिला माझं सांगितलं. मार्चचं. असं ठरवून नव्हतं, पण मामासारखी हो, हे वाक्य पुन्हा आलं आणि मला ते पेलेना. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग तिचा पहिला प्रश्न, "जेवतोस का नीट?" दुसरा, "आईला सांगितलंस?" नव्हतं सांगितलं. त्या रात्री सांगितलं. आई म्हणाली, मला माहीत होतं, एप्रिलपासून तुझ्या मीटिंगचा आवाजच येत नव्हता खोलीतून.

अक्कानं भाचीला परवानगी माझ्या नोकरीमुळे दिली असं मला म्हणायचं नाही. ती दाजींनी दिली, आणि का दिली ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच कळलं की इन्स्पेक्टर पुन्हा गोठ्यात आले होते, लाळ्या-खुरकूतच्या लसीला, आणि दाजींनी त्यांना चहाला बसवून तासभर बोलून घेतलं. सासूबाईंचा स्थळाचा प्रश्न अजून उभा आहे. तो राहणारच.

बीव्हीएससीचं तिनं मनातून काढलेलं नाही. डिप्लोमा झाल्यावर बघू म्हणते. मीही ते उकरून काढत नाही.

आता घरात तयारी चालू आहे. हुबळीहून शिग्गाव चाळीसेक किलोमीटर. गोटगोडीच्या रॉक गार्डनला आपल्या मंडळाची सहल गेली होती तो रस्ता. दर शनिवारी उणकलला येईन म्हणाली आहे. गमबूट घेतले, दोन नंबर मोठे मिळाले, बदलून आणायचे आहेत. एक थर्मामीटर मी दिला. तिच्या आजीनं लाडू दिले आहेत आणि सोबत देवाचा अंगारा, "लाथ बसू नये म्हणून."

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना इन्स्पेक्टरनी तिला एक गोष्ट बजावली होती. जनावरांना लस द्यायला शिकायच्या आधी स्वतः घे. रेबीजची, चावायच्या आधीची. तीन डोस, पहिला आज, दुसरा सातव्या दिवशी, तिसरा एकविसाव्या. पहिला गेल्या गुरुवारी झाला. सुईला ती घाबरते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डोळे मिटून माझा हात धरून बसली होती. परवा दुसरा आहे. सकाळची मीटिंग मी पुढं ढकलली आहे, चिगरीनं विद्यानगरपर्यंत जाऊन येऊ.